हत्तीच्या डब्यातली वात

मी मेणबत्ती आहे आणि सध्या एका मोज्यात राहते. मोजा लोकरीचा, लाल-पांढऱ्या नक्षीचा, गुडघ्यापर्यंत येणारा. त्याचा जोडीदार त्याच्याहून दोन बोटं लहान निघाला, म्हणून हा माझ्या वाट्याला आला. आतून मला फारसं दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. फोन वाजला की माझ्या अंगावर काटा येतो. असं का होतं ते कळायला माझी हकिगत पहिल्यापासून ऐकावी लागेल.

माझं मेण एका जागचं नाही. राजधानी दुशांबेपासून दूर, उंच डोंगरात, गुंत नदीच्या काठी ज्या गावात मी झाले, तिथे हिवाळ्यात वरच्या कड्यावरून बर्फ कोसळतो, विजेचे खांब वाकतात आणि चार-चार दिवस दिवे लागत नाहीत. मग घरोघरी दुकानातल्या पांढऱ्या मेणबत्त्या लागतात. जळून जळून त्या बोटाएवढ्या उरल्या की लोक टाकून देतात. सावसन नावाची मुलगी ते तुकडे गोळा करायची. चौदा वर्षांची, बारीक चणीची, बोलायला फार लाजणारी. शेजारणीच्या दारात जाऊन उभी राहायची आणि तोंडच उघडायची नाही.

"तुकडेच हवेत ना?" शेजारीणच शेवटी विचारायची. "घे बाई, घे. तुझ्या तोंडातून शब्द निघेपर्यंत माझ्या रोट्या तंदुरात करपतील."

म्हणून माझ्या अंगात सात-आठ घरांचे अंधार आहेत. माझ्यातल्या एका तुकड्याच्या उजेडात कुणी अडलेल्या गाईचं वासरू सोडवलं होतं. एकाच्या उजेडात कुणी गणितं केली होती. एकाच्या उजेडात एक बाई नुसतीच बसून होती.

सावसन त्या तुकड्यांच्या नव्या मेणबत्त्या करून भेट द्यायची. अक्रोडाच्या अर्ध्या कवचात मेण ओतायची, मेणाचे रंगीत खडू किसून त्यात घालायची. वर्गातल्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला दिली, शाळेतल्या बाईंना दिली. सगळ्यांनी "किती सुंदर!" म्हटलं आणि काचेच्या कपाटात, न वापरलेल्या कपबशांच्या शेजारी ठेवून दिली. एकही कुणी लावली नाही. वीज गेली की त्याच कपाटासमोर दुकानातली मेणबत्ती लावून बसायचे. माणसांचं हे वागणं मला कधी कळलं नाही. जी वस्तू आवडते, तिला ते काम करू देत नाहीत.

मी मात्र कुणा मैत्रिणीसाठी नव्हते. मी आईसाठी होते.

सावसनची आई नेककदम तीन वर्षांपूर्वी मॉस्कोला गेली. तिथल्या एका पावभट्टीत ती ट्रे धुते. वडीलही रशियातच, पण दुसऱ्या शहरात, बांधकामावर. सावसन आईच्या माहेरी राहायची. घरात आजोबा किमतशो आणि ओशुरमो मावशी. दोघी लेकी आजोबांना बाबा म्हणतात, सावसन बोबो म्हणते. फेब्रुवारीत फोन आला की नवरोजला, वसंतातल्या नव्या वर्षाच्या सणाला, नेककदम दहा दिवस येतेय. फोन ठेवल्याबरोबर मावशीने गाद्या उन्हात टाकल्या, आणि सावसन घमेलं घेऊन नदीवर बर्फ आणायला गेली.

बर्फाचं काय काम, असं तुम्ही विचाराल. तेच माझं गुपित आहे. दुधाच्या रिकाम्या खोक्यात मधोमध वात उभी करायची. भोवती बर्फाचे खडे भरायचे. मग वरून गरम मेण ओतायचं. मेण बर्फाच्या फटींत शिरतं आणि जागच्या जागी गोठतं. बर्फ मागाहून वितळून वाहून जातो आणि जिथे तो होता तिथे पोकळ्या राहतात. वरचं खोकं फाडलं की मेणाची जाळी हातात येते, लोकरीच्या शालीला विणतात तशी. प्रत्येक वेळी जाळी वेगळी पडते. सावसनला हे एका जुन्या मासिकाच्या शेवटच्या पानावर सापडलं होतं.

"माझ्या शुर्व्याच्या पातेल्यात मेण?" मावशी ओरडली.

"मेणाचा डबा वेगळा आहे, मावशी. पातेल्यात नुसतं पाणी आहे."

"नुसतं पाणी! परवा शुर्व्यावर तवंग आला ना, तर पहिली वाटी तुला." मावशीने डब्यात डोकावून पाहिलं. "आणि मी म्हणते, मॉस्कोत वीज जात नाही. तिला मेणबत्ती कशाला? मोजे विणून दे. पाय तरी गरम राहतील."

"मोजे सगळ्याच मुली देतात," सावसन डब्याकडे बघतच म्हणाली.

"सगळ्याच देतात, कारण सगळ्यांनाच पाय असतात."

सावसनने डबा ढवळायला घेतला. पण तिच्या मनात काय होतं ते मला ठाऊक आहे, कारण ती मेण ढवळताना पुटपुटायची. आईच्या हातात असं काहीतरी द्यायचं होतं जे बाजारात मिळत नाही आणि जे फक्त सावसनच करू शकते. तीन वर्षांत तिची उंची वाढली होती, आवाज बदलला होता. फोनवर दोघी "बरी आहेस ना?" "बरी आहे" याच्या पुढे जात नव्हत्या. जे बोलता येत नव्हतं ते तिला माझ्या हाती पाठवायचं होतं.

माझ्या आधीच्या दोघी फुकट गेल्या. जाळी सुरेख पडली होती, दोष वातीचा होता. पहिलीत नायलॉनचा दोरा होता, तो ज्योतीत आक्रसून गोळा झाला. दुसरीत लोकर होती. ती पेटल्याबरोबर घरभर असा वास सुटला की मावशी अंगणातून धावत आली.

"मेणबत्ती करतेयस का कोंबडी भाजतेयस?"

वातीला कापूसच लागतो, निव्वळ कापूस. आणि आमच्या डोंगरात सगळं पिकतं, जव, तुती, जर्दाळू, पण कापूस पिकत नाही. बाजारातला दोरा कापसाचा म्हणून देतात आणि जाळून पाहिला तर त्याचे काळे मणी होतात.

घराला पाच खांब आहेत. त्यातल्या दाराजवळच्या खांबाच्या वर, तुळईला लागून एक फळी आहे. तिच्यावर बोबोंच्या जुन्या ट्रकची कागदपत्रं, चष्म्याची एक काडी आणि चहाचा पत्र्याचा डबा. डब्यावर सोंड वर केलेला हत्ती. गुंत नदीच्या काठी हत्ती फक्त चहाच्या डब्यावरच असतो. सावसन कात्री शोधायला फळीवर चढली होती. डबा हलका लागला म्हणून तिने उघडला. आत मलमलीच्या तुकड्यात कापूस होता. हाताने सरकी काढलेला, किंचित पिवळसर, मऊ. एका टोकाला सरकीचं काळं टरफल चिकटून राहिलं होतं.

तिने तो सगळा घेतला, थोडा ठेवला असता तरी चाललं असतं. पण जाड वात हवी होती, आणि मुलं एखादी गोष्ट करायला घेतली की थोडी ठेवत नाहीत.

गुडघ्यावर ठेवून तिने तळहाताने वात वळली. कशी वळायची हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. हात आपोआप वळत होते, पुढे, पुढे, मग जरा थांबून पुन्हा पुढे. ते हात तिने कुठे पाहिले होते, ते तिला त्या वेळी आठवलं नाही. आठवलं असतं तर मी झालेच नसते.

वात मेणात बुडवली, सुकवली, पुन्हा बुडवली. पेन्सिलीएवढी झाली. खोक्याच्या तळाशी बोटभर मेण ओतून त्यात तिने पिवळी रानफुलं बसवली. नेककदमने जायच्या आधीच्या उन्हाळ्यात कुरणावरून आणून भूगोलाच्या वहीत दाबून ठेवलेली ती फुलं होती. मग बर्फ. मग मेण. चर्र असा आवाज झाला आणि मी जन्मले, अर्धी आगीतून, अर्धी थंडीतून.

तिने खोकं फाडलं, पाणी निथळू दिलं आणि मला छतातल्या झरोक्याखाली धरलं. त्या घराला खिडक्या नाहीत, उजेड वरूनच येतो. तो माझ्या जाळीतून तिच्या मनगटावर पडला. सावसन हसली. तोंड मिटून हसली, पण हसली. वर्तमानपत्रात गुंडाळून तिने मला गाद्यांच्या मागे ठेवलं, आणि पंधरा दिवस मी तिथे आईची वाट पाहत होते.

नवरोजच्या आधी आमच्याकडे सगळं घर अंगणात काढतात. भिंतींची काजळी झाडतात, खांबांवर पिठाने नक्षी काढतात. त्या दिवशी बोबो फळीवर चढले. वर्षातून एकदा ते त्या डब्यातल्या कापसाला ऊन द्यायचे. त्यांनी डबा हातात घेतला आणि तिथेच थांबले. मग झाकण उघडलं.

"काय झालं, बाबा?" मावशी खालून म्हणाली.

"रिकामा आहे."

"उंदरानं नेला असेल. मेले फार झालेत यंदा."

बोबो हळूहळू खाली उतरले. "ओशुरमो," ते म्हणाले, "उंदीर मलमल घडी करून, झाकण लावून जात नाही."

सावसन खांबापाशी पिठाची वाटी घेऊन उभी होती. मी गाद्यांबरोबर अंगणात आले होते आणि वर्तमानपत्राच्या फटीतून, उघड्या दारातून मला तिची बोटं दिसत होती. बोटांवर पीठ होतं, तरी ती पांढरी पडलेली कळत होती.

"मी घेतला," ती म्हणाली. "आईच्या मेणबत्तीच्या वातीला."

मग मावशी मटकन खाली बसली.

आमच्याकडे माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी त्याच्या नावाचा दिवा लावतात. गावाचे खलिफा, म्हणजे धर्मकार्य करणारे वडीलधारे, येतात, प्रार्थना म्हणत म्हणत घरातल्या कापसाची वात वळतात. सगळं गाव जमतं. त्या उजेडात गेलेल्याला वाट दिसते असं म्हणतात. दोन वर्षांपूर्वी बोबोंची बायको दवलतमो गेली तेव्हा असाच दिवा लागला होता. वात वळणारे ते हात सावसनने तेव्हाच पाहिले होते.

आणि त्या वातीचा कापूस याच डब्यातला होता. तरुणपणी बोबो ट्रक घेऊन खालच्या सपाटीवर जायचे. एकदा नव्या नवरीला बरोबर नेलं. तिने कापसाचं शेत पहिल्यांदाच पाहिलं. परतताना ओंजळभर बोंडं पदरात बांधून आणली, स्वतः सरकी काढली आणि म्हणाली, अर्धा माझ्या दिव्याला, अर्धा तुमच्या. सगळे हसले होते तेव्हा. वीस-बावीस वर्षांची बाई, आणि दिव्याचा कापूस जमवते! अर्धा तिच्या दिव्याला गेला. उरलेला अर्धा माझ्या पोटात होता.

"मेल्या माणसाच्या दिव्याची वात," मावशी म्हणाली, "आणि तू ती जित्या माणसाला भेट देणार होतीस? आपल्या आईला? प्रवासाला निघालेल्या बाईला? अगं, शत्रूसुद्धा असं करत नाही!"

"मला ठाऊक नव्हतं, मावशी."

"विचारायला काय जीभ झिजते? तू बोलत नाहीस, बोलत नाहीस, आणि मग हे असं करून ठेवतेस! फोड ती. आत्ताच्या आत्ता फोड."

बोबो बाहेर गेले. घरामागे त्यांचा जुना ट्रक उभा आहे. त्याला इंजिन नाही, चाकं नाहीत. बोबोंना दुःख झालं की ते त्याच्या केबिनमध्ये जाऊन बसतात. समोरच्या काचेतून फक्त शेजाऱ्याची भिंत दिसते. संध्याकाळपर्यंत ते त्या भिंतीकडे बघत बसले.

सावसन तिथे गेली. एका हातात मी, दुसऱ्या हातात सुरी. केबिनचं दार उघडून ती पायरीवर उभी राहिली.

"मी वात काढून देते," ती म्हणाली. "मेण गरम पाण्यात सुटेल. कापूस वाळवून देते तुम्हाला."

मी घाबरले नाही म्हटलं तर खोटं होईल. अजून एकदाही न जळता मोडून जायचं, याहून मेणबत्तीला दुसरं मरण नाही.

बोबोंनी मला हातात घेतलं. त्यांची बोटं खरखरीत होती, पण त्यांनी मला अंड्यासारखं धरलं. जाळीतून पाहिलं. वरचं वातीचं टोक चाचपलं.

"वातीने मेण प्यायलंय," ते म्हणाले. "आता तो कापूस होत नाही. जसं दूध चहात ओतलं की दूध राहत नाही." सुरी त्यांनी काढून घेतली आणि बाजूला ठेवली. "फोडू नकोस. पण ही तुझ्या आईची नाही. ही माझी. मी गेलो की लावा."

सावसनने मान हलवली. रडली ती नंतर, अंगणात, नळाशी हात धुताना. बोटांवरचं पीठ केव्हाच गेलं होतं, तरी ती धूतच होती.

मी फळीवर हत्तीशेजारी गेले. मरणाच्या दिव्याची मेणबत्ती झाले. आणि सावसनने दुसऱ्या दिवशी लोकर घेतली. आईला यायला अकरा दिवस उरले होते. घाईघाईत विणल्यामुळे एक मोजा दुसऱ्याहून मोठा झाला.

नेककदम आली ती दुशांबेहून जीपने, वीस तासांचा रस्ता करून. दारात पीठ उधळून तिचं स्वागत झालं. "बहार मुबारक!" म्हणत शेजारणी आल्या. फळीवरून मला तिचा भांग दिसत होता. त्यात पांढरे केस होते, आणि सावसन त्यांच्याकडेच पाहत होती.

नेककदमने लेकीसाठी निळं जॅकेट आणलं होतं. घालून पाहिलं तर बाह्या मनगटाच्या वर चार बोटं राहिल्या. ज्या मुलीला सोडून ती गेली होती, त्या मुलीच्या मापाचं होतं ते.

"एवढी झालीस तू?" नेककदम म्हणाली. बाही खाली ओढून पाहिली, पुन्हा ओढली. "बदलून आणते पुढच्या खेपेला."

"राहू दे. मला असंच आवडतं," सावसन म्हणाली आणि मोजे पुढे केले. नेककदमने ते तिथेच घातले. एक नीट बसला, दुसऱ्याची टाच पायापुढे लोंबली. मावशी म्हणाली, "मोठा आहे तो पुढच्या तीन वर्षांसाठी." सगळे हसले, त्या दोघीही हसल्या. पण त्यानंतर पुन्हा गप्प झाल्या. दिवसामागून दिवस मी हेच बघत होते. आई लेकीला विचारायची, "भूक लागलीय?" लेक म्हणायची, "नाही." पाहुण्यांशी बोलतात तसं.

एकदा नेककदमची नजर वर गेली. "ही काय जाळीदार वस्तू आहे? किती सुंदर! कुणी केली?"

"बाबांची आहे," मावशी घाईने म्हणाली. "हात लावू नकोस."

सावसन खाली बघत राहिली.

नेककदमच्या जायच्या आदल्या दिवशी दुपारी मायलेकी दोघीच घरात होत्या. बोबो खांबाला टेकून डोळे मिटून बसले होते, झोपलेत असं दोघींना वाटलं. नेककदम बॅग भरत होती. भरता भरता थांबली.

"सावसन, आजीच्या दिव्याला तू होतीस ना?"

"होते."

"मी फोनवर बघत होते. भट्टीच्या मागच्या जिन्यात उभी राहून. खलिफांनी वात हातात घेतली आणि लाइन गेली. तासभर लावत होते." तिने एक ओढणी घडी केली, मोडली, पुन्हा घडी केली. "पुढचं मला कुणी सांगितलंच नाही. मीही विचारलं नाही. काय विचारायचं, माझ्या आईचा दिवा नीट जळला का?"

सावसन उठून तिच्याशेजारी बसली. तिने आपला हात गुडघ्यावर ठेवला आणि वात वळायला लागली. हातात काही नव्हतं, नुसती हवा. पुढे, पुढे, मग जरा थांबून पुन्हा पुढे.

"असं," ती म्हणाली. "ते थांबायचे तेव्हा आजीचं नाव घ्यायचे. मग ज्योत आधी लहान होती, मग सरळ उभी राहिली. मावशी म्हणाली, बघ, आई पोचली. सकाळपर्यंत जळला, आई. मी बघितला. मी झोपले नाही."

नेककदमने तिचा तो रिकामा हात धरला आणि त्यावर कपाळ टेकवलं. बऱ्याच वेळाने तिचे खांदे हलायचे थांबले.

बोबोंचे डोळे उघडे होते. ते मिटलेले कधी नव्हतेच.

दिवेलागणीला त्यांनी मला फळीवरून खाली आणलं आणि घराच्या मधोमध, झरोक्याखाली ठेवलं.

"बाबा, हे काय?" मावशी घाबरली. "असं करत नाहीत. खलिफांना विचारलंत का?"

"आत्ता जाऊन विचारून आलो. म्हणाले, आपल्यात माणसं जिवंतपणीही स्वतःच्या नावाचा दिवा लावून घेतात. मोठा सोहळा असतो तो. हा तसा नाही, पण उजेड लावायला कुणाची मनाई नाही. वर म्हणाले, किमतशो, लोणी घातलेला चहा कधी पाजतोस?" मग ते नेककदमकडे वळले. "ऐक. ही मेणबत्ती तुझ्या पोरीने तुझ्यासाठी केली. मी हिसकावून घेतली. हिच्यातली वात तुझ्या आईने आणलेल्या कापसाची आहे. त्याच बोंडांतली, त्याच ओंजळीतली. तिच्या दिव्याला तू नव्हतीस. आज आहेस."

बोबोंनी काडी ओढली. दोन काड्या विझल्या. तिसरी सावसनने त्यांचा हात धरून लावली.

मी पेटले.

त्याबद्दल मला फार सांगता येणार नाही. आधी टोकाला कळ आली, मग सगळं अंग सैल झालं. पण बाहेर काय झालं ते मी पाहिलं. माझ्या जाळीतून उजेड बाहेर पडला आणि पाची खांबांवर, पिठाच्या नक्षीवर, छताच्या चौकटींवर त्याचे तुकडे पसरले. जिथे जिथे बर्फ होता, तिथून तिथून उजेड आला. सावसनने तोंडावर हात धरला. तिने मला घडवलं होतं, पण मी अशी दिसेन हे तिलाही ठाऊक नव्हतं. न लावलेल्या मेणबत्तीला कुणी पाहिलेलंच नसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

नेककदम माझ्यासमोर गुडघे दुमडून बसली. "आई," ती म्हणाली. एवढंच. तळाची पिवळी फुलं उजेडात दिसू लागली तेव्हा तिने ती ओळखली आणि सावसनला जवळ ओढलं. निळ्या जॅकेटची आखूड बाही आईच्या मानेभोवती आली.

माझा वरचा तिसरा भाग संपला तेव्हा बोबो म्हणाले, "पुरे. बाकीची माझी. मालव."

नेककदम पुढे वाकली आणि तिने ओठांचा चंबू केला.

"अगं अगं अगं!" मावशी एवढ्या जोरात किंचाळली की अंगणातलं कुत्रं भुंकलं. "फुंकतेस काय! दिव्याला तोंडाने फुंकर?"

नेककदम तशीच थिजली. मग कपाळावर हात मारून घेतला. "तिकडे केकवरच्या मेणबत्त्या फुंकतात गं. तोंडाला सवय लागली."

"तिकडे तिकडचं," बोबो म्हणाले. "इथे हाताने. निरोप देतात तसा."

तिने हाताने अलगद वारा घातला आणि मी शांत झाले. काळ्या टोकातून धूर निघाला, झरोक्याकडे गेला.

मग बोबोंनी मला लेकीच्या हातात दिलं. "बरोबर ने. माझ्या वेळीही तू पोचायची नाहीस. रस्ता बंद असेल, नाहीतर मालक सोडणार नाही, काहीतरी असेलच. तिसऱ्या दिवशी तिथेच लाव. खिडकीपाशी बस. लाइन गेली तर जाऊ दे."

"बाबा, आणि इथे?" मावशीचा आवाज चिरका झाला.

"इथे खलिफांना बाजारातला कापूस दे. मी काही तक्रार करायला उठणार नाही."

पहाटे जीप आली. मला कशात ठेवायचं म्हणून शोधाशोध झाली, तेव्हा सावसनने आईच्या पायातला तो मोठा मोजा ओढून काढला आणि मला त्यात बसवलं. इतकी नेमकी बसले की मावशी म्हणाली, "पोरीने माप बरोबरच घेतलं होतं, फक्त पायाचं नव्हतं."

आता मी मॉस्कोत आहे. चार बायकांच्या खोलीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. घरमालकीणबाईंनी आग लावायला बंदी केलेली आहे, त्यामुळे इथे मला कुणी लावणार नाही. एका दिवसासाठी नेककदमने त्यांची परवानगी काढून ठेवली आहे. कोणता दिवस, ते तिला सांगता आलं नाही. बाईंनी विचारलं नाही.

दर रविवारी घरून फोन येतो. सावसन आता फोनवर बोलते, पुष्कळ बोलते. नव्या मेणबत्त्यांविषयी सांगते. कुणाला देताना ती आता एकच अट घालते, की आजच लावायची. परवा शाळेतल्या बाईंनी कपाटातली अक्रोडाची लावली म्हणे, आणि वर्गात येऊन सांगितलं की तिचा उजेड हिरवा पडतो. मग बोबो फोन घेतात.

"माझी मेणबत्ती उंदरांनी खाल्ली नाही ना?"

"नाही, बाबा. कपाटाचं दार लावून ठेवलंय."

तुमच्याही घरी काचेआड कुणी हाताने केलेली मेणबत्ती असेल. तिला बाहेर काढा, लावा. ती केली त्या माणसाला तिचा उजेड दाखवा. उजेड पुरे झाला की फुंकू नका, हाताने निरोप द्या. एवढंच मागणं आहे, आणि ते माझ्या बहिणींसाठी आहे. जळायला मिळावं म्हणून मी एके काळी तळमळत होते. आता माझं तसं नाही. मी तयार आहे, वात कोरडी आहे, फुलं जागची हललेली नाहीत. पण मला घाई नाही. वर्षानुवर्षं या मोज्यात राहावं लागलं तरी मी कुरकुर करणार नाही.

फोन वाजतोय. आज रविवार नाही.

नेककदम धावत येते. तिच्या हातून काहीतरी खाली पडतं. मी आतल्या आत ताठ होते, टोकापासून तळापर्यंत.

"हॅलो?" ती म्हणते. "हॅलो?"

पलीकडून आधी खरखर येते. मग एक लांब, ओला खोकला, आणि त्या खोकल्यामागून बोबोंचा आवाज. जर्दाळूला फूल आलंय, म्हणतात. रविवारपर्यंत दम निघाला नाही.

मी मोज्यात पुन्हा सैल होऊन बसते.